आई कामाच्या दिवशी बीपीची गोळी घेत नाही. डॉक्टरांना कसं सांगू?

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण हा विसरण्याचा प्रश्न नाही.

आई ५४ वर्षांची आहे. टिटवाळ्याहून रोज दादरला साड्यांच्या दुकानात कामाला जाते. बीपीसाठी सकाळी एक गोळी आहे, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली. तरी बीपी १६०/१००च्या आसपासच. डॉक्टरांनी आधी गोळीची पॉवर वाढवली, मग रात्रीची अ‍ॅम्लोडिपिन जोडली. रात्रीची ती नियमित घेते, सकाळच्या गोळीच्या स्ट्रिप्स मात्र कपाटात जवळजवळ भरलेल्या सापडल्या.

विचारलं तर म्हणाली, "ती घेतली की सारखं लघवीला होतं. गाडीत कुठे जाऊ?"

लोकलमध्ये संडास नसतो. मध्येच ठाण्याला उतरलं तर पुढच्या गाडीत पाय ठेवायला मिळत नाही. दुकानात बायकांसाठी सोय नाही, शेजारच्या इमारतीची किल्ली मागावी लागते आणि गिऱ्हाईक असताना तेही जमत नाही. म्हणून ती गोळी फक्त सुट्टीच्या दिवशी घेते. दुपारपर्यंत पाणीही पीत नाही. मुंबईत 'राइट टू पी'वाल्या बायका इतकी वर्षं मुताऱ्यांसाठी भांडतायत ते किती जिवाचं आहे, हे आमच्या घरातच दिसतंय.

डॉक्टर विचारतात, "गोळ्या चालू आहेत ना?" ही "हो" म्हणते. पुरुष डॉक्टरांसमोर, बाहेर एवढी रांग असताना, लघवीचं बोलायला तिला संकोच वाटतो.

कृपया "आईला नीट समजवा" असं लिहू नका. तिचे वडील लकव्याने गेले, बीपी म्हणजे काय ते तिला पक्कं माहीत आहे. मला दोन गोष्टी हव्यात. उद्यापासून सकाळची गोळी मीच समोर उभं राहून रोज द्यायला लागू का? आणि तिला न लाजवता डॉक्टरांपर्यंत हे कसं पोचवू?

प्रतिसाद:
ताई, मी फार्मासिस्ट आहे. उद्यापासून एकदम सुरू करू नका. पॉवर वाढवली आणि दुसरी गोळी जोडली ती आई सगळं घेतेय असं धरून. आता खरंच सगळं पोटात गेलं तर बीपी फार उतरून चक्कर येऊ शकते, तीही गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर. आधी डॉक्टरांना कळवा.

त्रास होतोय तो क्लोरथॅलिडोनचा, ती लघवीची गोळी आहे. रोज घेतली तर काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा हा त्रास कमी होतो. अधूनमधून घेतली तर ती वेळ येतच नाही. दुसरं म्हणजे वेळ बदलता येईल का विचारा. ब्रिटनमधल्या टाइम या अभ्यासात २१ हजारांवर लोक होते. २०२२ साली निकाल आला, सकाळी घ्या की संध्याकाळी, हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक दिसला नाही. नाहीतर लघवीची गोळी वगळून टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिन एकत्र मिळते. ठरवतील डॉक्टरच.

सांगण्यासाठी चिठ्ठी लिहा: "कामाच्या दिवशी सकाळची गोळी घेत नाही, प्रवासात लघवीची सोय नाही." उरलेल्या स्ट्रिप्ससकट फाइलच्या वर ठेवा. आईंना तोंड उघडावं लागणार नाही. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासायचं का तेही विचारा.

धागाकर्ती:
मनापासून धन्यवाद दादा. चिठ्ठीला आई तयार झाली, शनिवारी जातोय. रक्त उपाशीपोटी द्यावं लागेल का?

प्रतिसाद:
या तपासण्यांना नाही. आणि पाणी पिऊन जाऊ द्या त्यांना.