साथ आली की नुसतं 'घाबरू नका' का सांगतात?

तापीकाठ:
गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढले आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर रोज एकच, परिस्थिती नियंत्रणात आहे, घाबरू नका. अहो पण नळाचं पाणी प्यायचं की नाही? पाइपलाइन गटारीजवळ फुटलेली अर्ध्या गावाला दिसत होती, 'उकळून प्या' मात्र आठवड्याने आलं. जेवढं कळलंय तेवढं त्याच दिवशी सांगा, बाकीची तपासणी चालूये हेही सांगा. 1994 च्या सप्टेंबरात सुरतला प्लेग म्हटल्यावर उधना-लिंबायतचे आपले खान्देशी लोक मिळेल त्या गाडीने निघाले, दुकानांतलं प्लेगवरचं औषध टेट्रासायक्लिन संपलं. धड कोणी सांगत नसलं की माणूस पळणारच.

नवापूरवाला:
जिभाऊ, माझा धंदा पोल्ट्रीचा. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापूरला निघाला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, ते करावंच लागतं, तक्रार नाही. पण टीव्हीवर दिवसभर पांढऱ्या सूटातली माणसं, आणि रोगाचा पत्ता नाही तिथेही चिकन विकेना. तेव्हा माणसाला लागण एकही नाही, 70 अंशांवर नीट शिजवलं की विषाणू मरतो, पण ऐकतं कोण? रिपोर्ट हातात येऊ द्या, मग बोला.

तापीकाठ:
दादा, पण भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट यायच्या आधीपासून कोंबड्या मरत होत्या, तेव्हा राणीखेत, म्हणजे कोंबड्यांचा नेहमीचा रोग, असंच चाललं होतं. मेलेल्या कोंबडीला हात लावू नका, शिजवलेलं खायला हरकत नाही, एवढं तेव्हाच सांगता आलं असतं की.

नवापूरवाला:
लोकांनी पहिलं वाक्य धरलं असतं आणि दुसरं सोडून दिलं असतं.

धडगावची आशा:
मी आशा सेविका, पाड्यापाड्यावर फिरते. रोगाचं नाव कोणी विचारत नाही, हंड्यातलं पाणी ओतून देऊ का, पोराला शाळेत पाठवू का, हे विचारतात. आणि पावरी बोलणाऱ्या आजीला मराठी पत्रक देऊन काय उपयोग? लिटरची बाटली घेऊन तिच्यासमोर ओआरएसचं अख्खं पाकीट ओतून दाखवावं लागतं, नाहीतर अर्धं पाकीट उद्यासाठी ठेवते. दादा, वाईट बातमी सांगाल त्याच घोषणेत भरपाई कुठे मिळेल, काय खायला चालेल हेही यायला हवं, दुसऱ्या दिवशी नाही.

नवापूरवाला:
ताई, हे पटलं. भरपाईची खात्री त्याच दिवशी मिळाली तर आमचेच लोक मेलेल्या कोंबड्या स्वतःहून दाखवतील, लपवणार नाहीत. पण रिपोर्टाआधी तालुक्याचं नाव टीव्हीवर नको, इथे मी हटणार नाही.

तापीकाठ:
नाव नाही सांगितलं तर सुरतेहून सुट्टीला येणाऱ्याने कुठली कोंबडी घ्यायची टाळावी, हे त्याला कसं कळणार?