घाम थांबत नाही, वास कमी होतो
काखेतले केस लेझरने काढले की घामही थांबेल का, असं एकाने विचारलंय. नाही थांबत. लेझर केसाच्या मुळातल्या मेलॅनिनवर, म्हणजे केसाला रंग देणाऱ्या द्रव्यावर काम करतं. घामाच्या ग्रंथी तशाच राहतात. फरक पडतो तो वासात, कारण घाम केसांत साचून राहत नाही. (माझ्या शर्टांची अवस्था मात्र जैसे थे!) घामासाठी रात्री लावायचं अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन; बोटॉक्सही काही महिनेच टिकतं. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग प्रकारचं लेझर जास्त सुरक्षित, कोणतं मशीन आहे ते आधी विचारा. सेशननंतर दोन दिवस जिम बंद. मी दुसऱ्याच दिवशी गेलो आणि काख अशी चुरचुरली की बास! दोन सेशनच्या मधल्या काळात वॅक्सिंग नको, रेझरच वापरा.