‘आज परवा आहे का?’ : लेकीच्या गमती तुम्ही कशा जपून ठेवता?

आमच्या ओट्याशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. हे कॅलेंडर १९७३ पासून निघतंय, माझ्या आईच्या स्वयंपाकघरातही तेच होतं. दुधाचा हिशोब, मावशींचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, सगळं त्यावर. गेल्या वर्षापासून आमच्या चौकोनांत आणखी एक नोंद असते, ती म्हणजे लेकीचं त्या दिवशीचं वाक्य. साडेतीन वर्षांची आहे ती. एका बुधवारी लिहिलंय : ‘दूध दीड. गॅस लावला. “आज परवा आहे का?”’

त्याचं असं झालं. कर्जतहून माझी आई यायची असली की आम्ही म्हणतो, आजी परवा येणार. येऊन गेली की म्हणतो, आजी परवा आली होती ना! मराठीतला परवा मागेही जातो आणि पुढेही, हे इतकी वर्षं मराठी बोलून माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. लेकीने मात्र त्याचा सरळ अर्थ लावला. सोमवार, मंगळवार तसाच परवा हा एक वार, आणि त्या वारी आजी असते. आता रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तिचा हाच प्रश्न असतो.

तिथी-नक्षत्रांनी चौकोन आधीच भरलेला असतो, त्यामुळे वर्णन करायला जागा उरत नाही. फक्त तिचे शब्द मावतात, आणि मला तेच हवे आहेत. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना काहीच आठवत नाही. म्हणजे ही वर्षं तिच्या वतीने आपणच सांभाळायची. वर्ष संपलं तरी आमचं कॅलेंडर रद्दीत जात नाही, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवते.

तुम्ही कसं ठेवता? वहीत, फोनमध्ये, आवाजात? आणि काय ठेवलंत तेही लिहा, तिच्या बोबड्या उच्चारांसकट. (आई, पाचपाखाडी)

ऐरोली, बाबा

आमची पावणेतीन वर्षांची असताना म्हणायची, ‘मी करलं.’ बूट घातला, ‘मीच करलं.’ घरात, शेजारी, पाळणाघरात कुणीही ‘करलं’ म्हणत नाही. मग आलं कुठून? धरलं, भरलं, चिरलं हे तिने ऐकलेलं, त्यावरून ‘करलं’ तिने स्वतः बनवलं. नियम तिला बरोबर सापडला होता, फक्त ‘केलं’ त्या नियमात बसत नाही. आम्ही दोघांनी ठरवलं की तिला टोकायचं नाही, आपण नीट बोलत राहायचं.

फोनमध्ये माझी एक यादी आहे, शब्द आणि तारीख. ‘करलं’पुढे पहिली तारीख फेब्रुवारीतली आहे आणि शेवटची जुलैतली. ते थांबलं तेव्हा आम्हाला कळलंही नाही. ऑगस्टमध्ये यादी चाळताना लक्षात आलं की बरेच दिवसांत ते ऐकलेलं नाही. शेवटचं ‘करलं’ पोळपाटावर लाटलेल्या एका त्रिकोणी पोळीबद्दल होतं. तारखा टाकत जा.

वागळे इस्टेट, आई

आमची चार वर्षांची, भाजीवाल्या मावशींना : ‘कोथिंबीर फुकट द्या, नाहीतर आई इथेच थांबेल.’ मावशींनी जुडी दिली, वर कढीपत्ताही दिला. पिशवीतल्या बिलाच्या मागे लगेच लिहून ठेवलं.

कोपरखैरणे, बाबा

मी रोज ट्रान्सहार्बरने ठाण्याला जातो. रविवारी लेकीला घेऊन मुद्दाम तीच लोकल धरतो, कारण तिला डब्यातली घोषणा ऐकायची असते. पाच वर्षांची आहे. घरी आलो की आमच्या वन बीएचकेची गाडी होते. ‘पुढील स्टेशन, बाथलूम. अगला स्टेशन, बाथलूम. नेक्स्ट स्टेशन, बाथलूम.’ तिन्ही भाषांत, तिन्ही वेळा. माझी आई आत असेल तर दारावर टकटक करून सांगते, ‘आजी, उतला, तुमचं स्टेशन आलं.’ आजीसुद्धा आतून ‘उतरते गं’ म्हणते.

एकदा ठाण्याच्या फलाटावर उभे असताना मी तिला सांगितलं, आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली आणि इथे ठाण्याला आली, १६ एप्रिल १८५३ ला. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, ‘मग त्या गाडीत पुढील स्टेशन कोण सांगायचं?’ मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र तिथेच तिकिटाच्या मागे लिहून घेतला.

व्हिडिओबद्दल एक सांगतो. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी मोबाइल काढायचो. एके दिवशी ती घोषणा मध्येच थांबवून म्हणाली, ‘बाबा, परत करू?’ मला ते फार लागलं. ती खेळत होती, आणि माझ्यामुळे तिला करून दाखवावं लागत होतं. तेव्हापासून मोबाइल खिशात राहतो. रात्री ती झोपली की बायको आणि मी आठवून वहीत लिहितो. कधी कधी एका शब्दावर आमचं एकमत होत नाही, मग दोघांचंही लिहितो.

सीवूड्स, आत्या

भाचीला फ्लेमिंगो दाखवायला नेलं होतं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, पण आमच्या भागातल्या पाणथळीवरही हिवाळ्यापासून ते दिसतात. ती म्हणाली, ‘हे गुलाबी का?’ मी सांगितलं, पिल्लू असताना ते करडे असतात, शेवाळ आणि बारीक कोळंबी खाऊन खाऊन गुलाबी होतात. ती गप्प झाली. रात्री जेवताना ताटातली पालकाची भाजी बाजूला सारून म्हणाली, ‘मला बीट वाढा. मला हिरवं नाही व्हायचं.’ पुढचे आठ दिवस आरशासमोर उभी राहून हाताचे कोपरे तपासत होती. दादाकडे वही नाही, माझ्याकडे आहे. लग्नात तिला देणार नाही, अठराव्या वाढदिवसालाच देणार, कारण त्यावर हक्क तिचा.

कळवा, आई

इथे सगळे बोलण्याबद्दल लिहितायत म्हणून लिहावंसं वाटलं. माझ्या मुलीला जन्मापासून कमी ऐकू येतं. कानातलं मशीन दीड वर्षाची असताना लागलं, पहिला नीट शब्द चार पूर्ण झाल्यावर आला. तोवर माझ्या वहीत एकही वाक्य नाही. तरी वही भरलेली आहे.

तीन वर्षांची असताना तिने डब्यातली सगळी साखर गॅलरीत मुंग्यांना घातली होती. मी रागवायला लागले. तिने शांतपणे एका कानातलं मशीन काढलं, मग दुसऱ्या कानातलं. दोन्ही माझ्या हातात दिली. मी ओठांनी आणि हातांनी रागवतच राहिले, तर तिने डोळेही मिटून घेतले. आता मी तिला कुठूनही पोहोचू शकत नव्हते! मी तिथेच खाली बसले आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने एक डोळा किलकिला करून पाहिलं, मी हसतेय म्हटल्यावर दुसरा उघडला आणि मशीन लावून घ्यायला कान पुढे केला.

डॉक्टरांकडच्या फायलीत तिला काय येत नाही ते सगळं आहे, आणि ते लागतंच. पण ती किती हुशार आणि खट्याळ आहे ते फक्त माझ्या वहीत आहे. ज्यांची मुलं अजून बोलत नाहीत त्यांनी वाट बघत थांबू नका. हातवारे लिहा, चेहरा लिहा.

घणसोली गाव, आई

माझे सासू-सासरे आगरी बोलतात. मुलगी दिवसभर त्यांच्याजवळ, त्यामुळे तिचंही तसंच, ‘मना पायजे.’ बालवाडीत बाईंनी सांगितलं, ‘मना’ नाही, ‘मला’ म्हणायचं. मला काळजी वाटली की हिचा गोंधळ उडेल. रात्री तिला विचारलं, तर तिनेच मला समजावलं : ‘अगं, मला शाळेत असतं. मना आजीकडे असतं.’ सासूबाईंनी ऐकलं आणि ‘माझी बाय ती!’ म्हणत तिची दृष्टच काढली. मी ते वाक्य आधी शुद्ध करून लिहिलं होतं. ते खोडून जसं होतं तसं पुन्हा लिहिलं.

नौपाडा, आजोबा

१९८७ साली आम्ही टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. तिची बडबडगीतं टेप करावीत म्हणून साठ मिनिटांची कॅसेट आणली. तिने एकही गाणं पुरं म्हटलं नाही. टेपमध्ये माणूस असतो अशी तिची खात्री होती. त्याला भूक लागली असेल म्हणून ती जाळीतून चुरमुरे आत घालत होती. कॅसेटवर बराच वेळ तेवढंच आहे : ‘खा ले, खा ले’, चुरमुऱ्यांची खसखस, आणि मागे माझी पत्नी, ‘अहो, तिला उचला तिथून, माझी पोळी तव्यावर आहे.’

इथल्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरली होती. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाने ती साफ करून फोनवर उतरवून दिली. तोवर पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तिचे फोटो भरपूर आहेत, लग्नापासूनचे. आवाज मात्र तेवढाच. मुलीला बोलावून ऐकवलं. तिला वाटलं होतं, आपला लहानपणचा आवाज ऐकायचाय. ती आईच्या त्या वाक्यापाशी थांबली, मागे घेतलं, पुन्हा लावलं. पोळी उलटल्याचा आवाजही त्यात येतो.

म्हणून तरुण आईबापांना सांगतो, मुलांचा आवाज धरताना स्वयंपाकघराचं दार बंद करू नका. आणि एक प्रत आणखी कुठेतरी ठेवा.

खारघर, लेक (वय १७)

मी दुसऱ्या बाजूने लिहितेय. आईने माझी वही ठेवली आहे आणि मला ती प्रचंड आवडते. वाईट वाटलं की काढून वाचते. पण सातवीत असताना पाहुण्यांसमोर त्यातला एक प्रसंग सांगितला गेला, सगळे हसले, आणि मी दोन दिवस आईशी बोलले नाही. गोष्ट चांगली होती, पण ती माझी होती. मग आईने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, ‘विचारल्याशिवाय कुणाला सांगणार नाही,’ आणि खाली सही केली. तुमच्या मुली लहान आहेत, त्यांना आत्ता नाही म्हणता येत. फोटो आणि व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायच्या आधी एवढं लक्षात ठेवा. हे इथे लिहायच्या आधी मी आईला विचारलं. ती हो म्हणाली.

पाचपाखाडी, आई

सगळं दोनदा वाचलं. कळव्याच्या ताई, त्या मिटलेल्या डोळ्यांचं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. नौपाड्याच्या काका, काल पोळ्या करताना फोन ओट्यावर चालू ठेवला होता. लेक खाली बसून कणकेचे उंदीर करत होती, पंधरा मिनिटांत फार काही बोलली नाही. ठेवलंय तसंच.

आज सकाळी उठली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, हो गं, आज परवा आहे. ती ताडकन उठून बसली. आजीची कर्जत लोकल यायला अजून तासभर आहे, आणि ही आत्ताच बूट उलटे घालून दारात उभी आहे.