छंद, नाद, हव्यास: फलकावर नेमकं काय लिहावं?

मूळ प्रश्न
सोलापुरात आम्ही काही जण रविवारी सकाळी कंबर तलावावर जमतो. कुणी चित्रं काढतं, कुणी पाखरं बघत बसतं. नवी माणसं यावीत म्हणून एक फलक करतोय. मजकूर असा सुचला: ‘सर्जनशील छंद व निसर्गसान्निध्यातून वैयक्तिक संतुलन साधा.’ वाचताना घशात अडकतंय, पण चुकलंय कुठं ते कळेना. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद
व्याकरणात काही चुकलेलं नाही, परिपत्रकाची भाषा आहे एवढंच. ‘संतुलन’ आणि ‘समतोल’ आहार, पर्यावरण, अर्थसंकल्प यांच्या शेजारी शोभतात. माणसाचा असतो तो तोल. गंमत म्हणजे हा शब्द आपण बहुतेक वेळा तो गेल्यावरच काढतो: बोलताना तोल गेला, तोल सुटला, कसाबसा सावरला. आणि बरं वाटल्यावर कुणी म्हणतं का, ‘आज मला संतुलन लाभलं’? म्हणतात, मन रमलं, डोकं शांत झालं, मोकळं वाटलं.
त्यातही रमणं आपसूक होतं, रमवणं मुद्दाम करावं लागतं. ‘इथे मन रमेल’ आणि ‘इथे मन रमवा’ यांतलं मी पहिलं घेईन. दुसऱ्यात हुकूम आहे, शिवाय मन रमवायला आलेला माणूस बहुधा काहीतरी विसरायला आलेला असतो.

प्रतिसाद
‘छंद’ही दिसतो तितका साळसूद नाही. छांदिष्ट, छंदीफंदी हे त्याच्याच घरातले. छंद लागतो, जडतो; ताप यावा तसा, आपल्याला न विचारता. ‘जोपासतात’ ते मुख्यतः निबंधाच्या वहीत. नादाची तर गोष्टच सोडा. ‘पोराला पत्त्यांचा नाद लागलाय की’ असं म्हणतात, आणि बासरीचा लागला तरी घरच्यांचा सूर तोच.
माझं खरं भांडण वेगळं आहे. पोरांना मे महिन्याच्या सुट्टीत छंदवर्ग, ज्येष्ठ नागरिकांना विरंगुळा केंद्र. मधल्या वयाच्या माणसासाठी काय? चाळिशीतल्या गृहस्थानं वही काढून बदकाचं चित्र काढलं, तर ‘बरा वेळ मिळतो ओ तुम्हाला!’ हे ऐकावं लागतं. बाईनं काढलं तर ‘रिकामपणाचे उद्योग’. फलक याच लोकांसाठी हवा. त्यांना ‘छंद’ म्हणून बोलावलं तर ती शाळकरी गोष्ट वाटणार, ‘विरंगुळा’ म्हटलं तर अजून वीस वर्षं थांबतील. मी दोन्ही शब्द गाळून सरळ ‘चित्रं काढू’ लिहीन.

प्रतिसाद
आमच्या घरी कन्नड, म्हणून एक सावधगिरीची सूचना. कन्नडमध्ये छंदाला ‘हव्यास’ म्हणतात. वाचन, पोहणं, बागकाम हे सगळे हव्यास, आणि त्यात वावगं काही नाही. मराठीत तोच शब्द पैशाच्या नाहीतर सत्तेच्या मागे लागतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत छंदाला ‘अभिरुची’ चालतं. मराठीत अभिरुची म्हटलं की गाण्या-नाटकातली जाण आली, आणि ती ‘उच्च’ तरी असते नाहीतर ‘हीन’. तिन्ही भाषांत फलक करणार असाल तर एकीतला शब्द उचलून दुसरीत ठेवू नका. ‘तलावाकाठी हव्यास’ वाचून लोकांना वाटेल, तिथं प्लॉट विकायला काढलेत.

प्रतिसाद
‘निसर्गसान्निध्य’ राहिलंच. आपल्याकडं निसर्गात जातं कोण? रानात जातात, आणि रान म्हणजे जंगल नव्हे, शेत. ‘अण्णा रानात गेलेत’ म्हणजे ज्वारीत आहेत. हिवाळ्यात हुरड्याला जातात. आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं, चटके सोसत शेंगाचटणीबरोबर तोंडात टाकायचं. तेवढा वेळ मोबाईल हातात धरताच येत नाही. याला कुणी निसर्गसान्निध्य म्हटलेलं मी ऐकलं नाही.
‘निसर्ग’ म्हटलं की डोळ्यांपुढं धबधबा येतो, ही त्या शब्दाची आपल्याकडची अडचण. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं, पण बाहेरचा पाहुणा तिथं उभा राहून विचारतो, ‘जंगल कुठंय?’ समोर गवत असतं, नशीब असेल तर काळवीट. आपला निसर्ग माळावरचा आहे, सपाट.
तेव्हा ठिकाणाचं नाव लिहा, आणि जमलं तर पक्ष्याचंही. तळ्यांवर हिवाळ्यात जास्त दिसणारा वारकरी घ्या: काळा, कपाळावर पांढरा टिळा. काही जण त्याला चांदवा म्हणतात, पण पंढरपूरच्या जिल्ह्यात वारकरी हे नाव सोडू नये.

मूळ प्रश्नकर्ता
आभार. नवा मजकूर: ‘रविवारी सकाळी कंबर तलावावर या. चित्रं काढू, वारकरी बघू. मन रमेल.’ एक मित्र म्हणतो, हे वाचून लोक टाळ घेऊन येतील बे. ‘पक्षी’ घालायचा का?

प्रतिसाद
घाला. आणि ‘सकाळी’च्या जागी वेळ लिहा. आपल्याकडं रविवारची सकाळ दहापर्यंत चालते, तोवर उन्हानं पाखरं पार पलीकडच्या काठाला गेलेली असतात.