वेल्श घराण्यांत बापाचं नाव एक, मुलाचं आडनाव भलतंच. मग वंशावळ जुळवायची कशी?

घणसोलीची_आत्या

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबच्या मुलखाचा आहे, पण सुरुवात घरातूनच झाली.

गेले चार महिने मी माहेरच्या जमिनीच्या कामासाठी वंशावळ लिहितेय. वर मूळ पुरुष, खाली फांद्या, प्रत्येक फांदीला मयत की हयात. पणजोबा जुन्या सातबाऱ्यावर 'हिऱ्या नामा' आहेत, पुढच्या फेरफारात 'हिराजी'. आडनावाचा पत्ताच नाही. हा एकच माणूस हे दाखवायला आता गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब. चूक आमच्याच घरच्यांची, ज्याने जसं सांगितलं तसं लिहिलं गेलं.

त्यात भाचा ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफला असतो. त्याने तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयातून एका बाईच्या चित्राचा फोटो पाठवला. चित्र १५६८ चं, बाईचा हात चक्क कवटीवर. नाव बेराइनची कॅथरिन. खाली लिहिलं होतं, 'हिला वेल्सची आई म्हणतात.' मी शोधायला गेले आणि वेल्श लोकांच्या ऑनलाइन चरित्रकोशात अशी अडकले की गॅसवर दूध उतू गेलं. एकाचं नाव 'थॉमस आप रिचर्ड आप हाउएल आप येयान वखान', आणि त्याची मुलंबाळं मात्र 'मॉस्टिन'! हे एक घराणं कसं? आणि ही बाई कोणाची आई?

निवृत्त_तलाठी (ठाणे)

ताई, उत्तर तुमच्याच सातबाऱ्यात आहे. 'हिऱ्या नामा' म्हणजे नामाचा हिऱ्या. मध्ये 'आप' घाला, झाला वेल्श माणूस. आप म्हणजे मुलगा. पुढे स्वर आला तर आब. आपण बापाचं नाव लावून थांबतो, ते आजा, पणजा, खापरपणजापर्यंत जायचे. पुढे इंग्रजी कारभारात ही नावं आक्रसली. आप हाउएलचा पॉवेल, आप रीसचा प्राइस, आब ओवेनचा बोवेन. म्हणून दोन पॉवेल भेटले तर त्यांना भाऊबंद समजू नका, दोघांचे हाउएल वेगळे असतात.

ट्यूडर राजघराण्याचंही तेच. ओवेन आप मेरेडिथ आप ट्यूडर, यातलं आज्याचं नाव चिकटलं. बापाचं चिकटलं असतं तर आठवा हेन्री 'मेरेडिथ' म्हणून इतिहासात गेला असता.

मॉस्टिनची गोष्ट अशी सांगतात. सोळाव्या शतकात वेल्सच्या कारभारावर रोलंड ली नावाचा कडक बिशप नेमला होता. कोर्टात नावं पुकारताना थॉमसची ही आगगाडी आली आणि बिशप वैतागला. म्हणाला, शेवटचं एक नाव ठेवा, नाहीतर राहत्या घराचं लावा. थॉमसचं घर फ्लिंटशरमधलं मॉस्टिन, म्हणून तो थॉमस मॉस्टिन. आपल्याकडे गावाला 'कर' लागतं तसंच, फक्त इथे गावच घरचं. याच घराण्याने एकोणिसाव्या शतकात लँडिड्नो हे समुद्रकाठचं शहर आखून वसवलं. त्याआधी, १८४० च्या दशकात, तिथलं गायरान कायद्याने कुंपणात गेलं होतं आणि त्यातलं बहुतेक मॉस्टिनांच्या पदरात पडलं होतं. नवी मुंबईसाठी जमिनी दिलेल्या घणसोलीच्या माणसाला यापुढे काही सांगायला नको.

आता माझ्या धंद्यातला मुद्दा. एवढ्या पिढ्या पाठ कशाला करायच्या? जमिनीसाठी. 'हाउएल द' या जुन्या वेल्श राजाच्या नावाने चालत आलेल्या कायद्यात बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची. वाटे पाडायचे धाकट्याने, पहिला वाटा उचलायचा थोरल्याने! मी छत्तीस वर्षं खातेफोड पाहिली, हा एक नियम आमच्याकडे असता तर निम्मे दावे उभेच राहिले नसते. राहतं घर धाकट्याला, आणि घराबरोबर हंडा, कुऱ्हाड आणि नांगराचं पातं. भाऊ गेले की चुलतभावांत फेरवाटप, ते गेले की त्यांच्या मुलांत शेवटचं. म्हणजे आपला पणजा एकच होता हे सांगता आलं नाही तर हिस्सा गेला. वंशावळ हाच त्यांचा सातबारा. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडलं, थोरल्याला सगळं ही चाल पक्की झाली, आणि मोठी घराणी आणखी मोठी झाली.

माझं आवडतं घराणं म्हणजे ग्विदिरचे विन. सर जॉन विन (१५५३–१६२७) यांनी स्वतःच कुलवृत्तांत लिहिला आणि वंश थेट बाराव्या शतकातल्या ओवेन ग्विनेद राजापर्यंत नेऊन भिडवला. अशा वेळी लिहिणाऱ्याचा हात थोडा सैल सुटतोच, पण एक जागा खरी वाटते. पणजा मेरेडिथ आप येयान वडिलोपार्जित मुलूख सोडून दरोडेखोरांच्या डोंगराळ भागात का गेला? त्याचं म्हणणं, तिकडे चोरांशी लढीन, पण इथे राहिलो तर भाऊबंदांना मारावं लागेल, नाहीतर त्यांच्या हातून मरावं लागेल. हे वाचलं, पुस्तक मिटलं आणि तलावपाळीला एक चक्कर मारून आलो.

ऐरोलीकर

धाकट्याने पाडायचे, थोरल्याने उचलायचे? आमच्या थोरल्या काकांनी दोन्ही कामं एकट्याने केली, कोणाला त्रास नको म्हणून.

नेरूळची_सून

काकांनी छान सांगितलं, पण प्रश्नातली बाई राहिलीच की! ती काकांच्या लाडक्या सर जॉनची सावत्र आई.

कॅथरिनला बेराइनची इस्टेट माहेरून मिळाली. तिच्या आईचे वडील हे सातव्या हेन्रीचे अनौरस पुत्र, असा समज होता. तिची लग्नं चार. पहिला ल्यूएनीचा जॉन सॉल्झबरी. दुसरा रिचर्ड क्लफ, अँटवर्पला व्यापार करणारा, ज्याने वेल्समध्ये पहिली विटांची घरं बांधली. चित्र नेदरलँड्सच्या चित्रकाराचं कसं, ते यावरून कळतं. क्लफ १५७० मध्ये हॅम्बुर्गला वारला. मग मॉरिस विन, म्हणजे सर जॉनचे वडील, आणि शेवटी एडवर्ड थेलवॉल. दंतकथा अशी की पहिल्या नवऱ्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये जाताना क्लफने मागणी घातली, बाहेर येताना विनने. ती विनला म्हणाली, उशीर केलात, पण हेही गेले तर पुढचा नंबर तुमचा. कथाच असणार, पण चारशे वर्षं लोक चवीने सांगतायत. या सगळ्या लग्नांतून मुलं-नातवंडं उत्तर वेल्सच्या इतक्या घराण्यांत पसरली की ती 'वेल्सची आई' झाली. दुःखही होतं. थोरला मुलगा थॉमस पहिल्या एलिझाबेथविरुद्धच्या कटात सापडला आणि १५८६ मध्ये त्याला देहदंड झाला.

मला खरी गंमत वाटली ती तिच्या नावाची. चार नवरे झाले तरी ती 'कॅथरिन वेर्ख ट्यूडर'. वेर्ख म्हणजे मुलगी. लग्नानंतर नाव बदलायची वेल्श बायकांत रीतच नव्हती. माझं पॅनवर एक नाव आणि दहावीच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत दर वेळी तेच रामायण.

एक विचारू का आत्या? तुमच्या त्या झाडावर मुलींची नावं आहेत, की त्या फक्त हक्कसोडीच्या सहीपुरत्या?

घणसोलीची_आत्या

बरं विचारलंत. भावाने कच्च्या प्रतीत आजोबांच्या खाली 'तीन मुलगे व मुली' एवढंच लिहिलं होतं. मी बसून सहाही आत्यांची नावं घातली. एकीचं कोणालाच आठवेना, सगळे तिला 'बाय' म्हणायचे. शेवटी दिवा गावातल्या तिच्या नणंदेने सांगितलं.

आणि काका, तुमचा तो धाकट्याचा हंडा डोक्यातून जाईना. आमचे आजोबा धाकटे. काल आईच्या माळ्यावरचा तांब्याचा हंडा उतरवला, चिंच लावून घासला. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, 'हिराजी नामा'. हा पुरावा म्हणून चालेल का?

निवृत्त_तलाठी (ठाणे)

हंडा जोडता येत नाही हो फाइलला. फोटो काढा, नाव स्पष्ट दिसेल असा. आणि जबाब घ्यायच्या दिवशी तो हंडाच घेऊन म्हाताऱ्यांच्या समोर ठेवा.