ग्रीसची बेटं, दहा दिवस, सोबत सासूबाई: आराखडा तपासून द्याल का?

मीनल_कोथरूड

नमस्कार मंडळी,

यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. विसर्जन आटोपून २७-२८ च्या सुमारास निघायचं आणि दहा दिवस ग्रीसला जायचं, असं घरात ठरलंय. ठरलंय म्हणजे देश ठरलाय, बाकी सगळा आनंदच आहे. मध्ये पितृपक्ष येतो, पण आमच्याकडे पक्ष थोरल्या दिरांच्या घरी असतो आणि सासूबाईंनी स्वतःच "मला चालतंय" म्हटल्यामुळे तो विषय मिटला.

माणसं चार. मी, नवरा, बारावी झालेला मुलगा आणि सासूबाई, वय ७४. त्यांची तब्येत ठणठणीत आहे, फक्त गुडघे बोलतात. सपाटीवर पाऊण तास आरामात चालतील, जिना उतरायचा म्हटलं की कठडा शोधतात. त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाप-लेकांना काहीही चालतं.

नवऱ्याने एक्सेलमध्ये केलेला बेत असा: अथेन्स २ रात्री, मिकोनोस २, पारोस १, नाक्सोस १, सँटोरिनी ३. शेवटच्या दिवशी सकाळी सँटोरिनीहून बोटीने अथेन्स आणि रात्री परतीचं विमान. मिकोनोस मुलाच्या हट्टापायी आहे, सँटोरिनी नवऱ्याच्या.

हे जमण्यासारखं आहे का? सासूबाईंना बोट लागेल का? जेवणाचं काय करायचं? आणि सँटोरिनीला भूकंप होत होते ना, ते थांबले का? ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा, एक्सेलवाल्याला वाचून दाखवणार आहे.

अजिंक्य_ठाणे

भूकंपांची मालिका २०२५ च्या जानेवारी अखेरीस सुरू झाली, केंद्र सँटोरिनी आणि अमोर्गोस या बेटांच्या मध्ये समुद्रात होतं. सगळ्यात मोठा धक्का ५.३ चा, फेब्रुवारीत. तेव्हा अकरा हजारांवर लोक बेट सोडून गेले होते. नंतर ते शमलं आणि त्याच उन्हाळ्यात पर्यटक पुन्हा आले. ज्वालामुखीच्या कडेवर वसलेलं गाव आहे, कायमची हमी कोण देणार? पण तेवढ्यासाठी रद्द करू नका.

व्हिसाचं आधी बघा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फी प्रौढांना ९० युरो, वर व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि सत्तरीपुढच्या माणसाचा हप्ता बराच जास्त बसतो, तो बजेटमध्ये धरा. मे-जूनमध्ये अपॉइंटमेंट मिळणं म्हणजे तत्काळ तिकीट काढण्यासारखं होतं. अथेन्सला उतरल्यावर आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे उतरल्या उतरल्या लगेच बोट गाठायचा बेत नको.

जुना_चीफ_दापोली

मीनलताई, एक्सेलवाल्यांना आधी माझा नमस्कार सांगा आणि मग ती फाइल बंद करायला सांगा.

मी सगळी नोकरी जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढली, त्यातली बरीच वर्षं ग्रीक मालकांकडे. अथेन्सच्या पिरेअस बंदरासमोर आक्ती मिआउली नावाचा रस्ता आहे, तिथे ओळीने शिपिंग कंपन्यांची हापिसं. साइन ऑफ झालो, म्हणजे जहाजावरची पाळी संपली, की त्या रस्त्यावर हिशेब करायचा आणि विमान मिळेपर्यंतचे दिवस कुठल्या तरी बेटावर काढायचे. पुढे निवृत्तीनंतर सौं.ना घेऊन गेलो. म्हणजे सल्ला खलाशाचा आहे, टूर कंपनीचा नाही.

तुमच्या बेतात चार बेटं आहेत. बेट बदलायचं म्हणजे काय ते सांगतो. अकराला खोली सोडायची, बॅगा घेऊन धक्क्यावर यायचं, बोट उशिरा, उन्हात उभं राहायचं, मग बोट, मग नव्या बंदरात टॅक्सी, मग खोली तयार नाही. दिवसाचा चांगला भाग गेला. असं चार वेळा केलंत तर सासूबाईंना ग्रीसमधले धक्के पाठ होतील, बाकी काही दिसणार नाही.

दुसरं, शेवटचा दिवस. सकाळी सँटोरिनीहून बोट आणि रात्री विमान, हे मात्र करूच नका. इजियन समुद्रात उत्तरेचा वारा असतो, त्याला मेल्टेमी म्हणतात. जोर जुलै-ऑगस्टमध्ये, तुमच्या तारखांना बराच उतरलेला असतो. पण शरद ऋतूत दक्षिणेकडून वादळं यायला लागतात. वारा साधारण आठ बोफर्टला (वाऱ्याच्या जोराचं माप) पोचला की कोस्ट गार्ड बोटी बंदरातच अडकवून ठेवतं, आणि हलक्या वेगवान बोटी त्याच्या आधीच बंद होतात. भर म्हणून खलाशांचा संप. (संपाच्या बाजूने मी काही बोलत नाही, पण कारण बहुतेक वेळा रास्त असतं.) बोट रद्द झाली की बोटीचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा देतात. विमानवाला मात्र तुमची वाट बघत नाही. म्हणून अथेन्स शेवटी ठेवा. दोन रात्री तिथे हाताशी राहिल्या की बेटावर एक दिवस अडकलात तरी फक्त ॲक्रोपोलिस घाईत होईल, तिकीट बुडणार नाही.

माझा बेत असा:

उतरल्यावर पहिली रात्र पिरेअसलाच. विमानतळावरून मेट्रोची ३ नंबरची लाइन २०२२ पासून थेट बंदरापर्यंत जाते. सकाळी सातच्या आसपास सायक्लेडीसची (तुमची चारही बेटं याच समूहातली) मोठी बोट सुटते, ती धरा आणि सरळ नाक्सोस. तिथे चार रात्री. मग सँटोरिनी दोन रात्री, तिथून अथेन्सला विमानाने या, पाऊण तासाचं आहे. शेवटच्या दोन रात्री अथेन्स. झाल्या नऊ.

बोट कुठली, हा खरा प्रश्न आहे. वेगवान कॅटामरान वेळ वाचवते, पण बहुतेकींना उघडा डेक नसतो, आपल्या नंबराच्या खुर्चीत बसून राहायचं, आणि लाट आली की आत जे काही होतं ते इथे लिहीत नाही. मोठी फेरी नाक्सोसला पाच-साडेपाच तास घेते. भाडं कमी, बोट जड, डेकवर हवा, आत कॅफे आणि फिरायला जागा. सासूबाईंसाठी हीच. पोटाची गोळी डॉक्टरांना विचारून आधी द्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

चढायचं गाड्यांच्या गॅरेजमधूनच. बॅगा तिथेच रॅकवर ठेवतात, रॅकवर बेटाचं नाव लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. वर जायला सरकता जिना असतो, लिफ्टही असते, पण ती विचारावी लागते. चढल्या चढल्या विचारून ठेवा. उतरताना खरी तारांबळ. बोट धक्क्याला पाठ लावते, रॅम्प टाकते आणि काही मिनिटांत पुढच्या बेटाला निघते. म्हणून बेटाची घोषणा झाली की लगेच सासूबाईंना घेऊन खाली गॅरेजमध्ये या. शेवटच्या क्षणी जिन्यावर गर्दी होते आणि तिथे कुणी कुणाच्या गुडघ्याकडे बघत नाही.

नाक्सोसच का? सायक्लेडीसमधलं सगळ्यात मोठं बेट. पर्यटक नसले तरी जगेल असं आहे: शेतं आहेत, गुरं आहेत, बटाटा तर सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेला. राहायचं मुख्य गावात, म्हणजे खोरामध्ये, पण वरच्या व्हेनिशियन किल्ल्यात नको. तिथे नुसते जिने आणि बोळ. आयिओस योर्गिओस किनाऱ्यालगत घ्या. पाणी उथळ, जागा सपाट, बंदर चालत. त्या गुडघाभर पाण्यात सासूबाई सकाळभर बसल्या तर उठवायला जाऊ नका.

बंदराच्या तोंडाशी पोर्तारा आहे. अपोलोच्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, इ. स. पूर्व सहाव्या शतकातला. देऊळ पुरं झालंच नाही, चौकट तेवढी उभी. संध्याकाळी सूर्य त्या चौकटीतून बघतात. तिथवर बांधाची वाट आहे, वाऱ्याच्या दिवशी लाट अंगावर येते, तेवढं बघा. सँटोरिनीच्या ओइया गावात कोपराने ढकलत बघायचा सूर्यास्त तो हाच, आणि इथे बसायला दगड मिळतो.

एक दिवस बसने डोंगरात: खाल्की, फिलोती, आपिरांथोस. आपिरांथोसमध्ये गल्ल्यासुद्धा संगमरवराच्या. गुळगुळीत आहेत, चपला बघून घाला. बसचं तिकीट धक्क्याजवळच्या हापिसातून आधी काढा. चिरंजीव आणि त्यांचे वडील यांना झास डोंगरावर पाठवा, हजार मीटरला थोडा वर, सायक्लेडीसमधला सगळ्यात उंच. तेवढा दिवस तुम्हा दोघींना शांतता.

मिकोनोसचं म्हणाल तर नाक्सोसहून हंगामात डेलोस-मिकोनोस अशी दिवसाची सहल निघते. डेलोस अपोलोचं जन्मस्थान, सगळं बेटच पुरातत्त्व खात्याकडे, रात्री राहायला पर्यटकांना बंदी. मुलाचे मिकोनोसचे फोटो होतील आणि खोलीचं भाडं वाचेल.

सँटोरिनीला दरीच्या काठावरची हॉटेलं सासूबाईंना चालणार नाहीत. फोटोत जे पांढरं पांढरं दिसतं ते सगळे जिनेच आहेत. फिरा या मुख्य गावापासून खालच्या जुन्या बंदरापर्यंत म्हणे ५८८ पायऱ्या, तिथे केबल कार आहे ते ठीक. तुम्ही कामारीला राहा: काळ्या वाळूचा किनारा, सपाट रस्ता, विमानतळ जवळ, फिराला बस. आणि आक्रोतिरी चुकवू नका. इ. स. पूर्व १६०० च्या आसपास ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं गाव, आता छपराखाली आहे, उन्हाचा त्रास नाही. दुमजली घरं, सांडपाण्याची गटारं, रांजण जागच्या जागी.

स्नेहल_अथेन्स

चीफकाकांनी बाकी सगळं सांगितलंय, मी स्वयंपाकघराचं बोलते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अथेन्सला राहतो आणि माझी आई पण अंडं न खाणारी, त्यामुळे हा अभ्यास माझा पक्का आहे.

इथे भाज्या ऑलिव्ह तेलात भरपूर शिजवतात. फसोलाकिया म्हणजे टोमॅटोतल्या फरसबीच्या शेंगा, ब्रियाम म्हणजे ओव्हनमधली वांगी-बटाटा-दोडक्यासारखी मिश्र भाजी, यिगांतेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या पावट्यासारख्या बिया टोमॅटोच्या रसात, होर्ता म्हणजे उकडलेला पाला, वर लिंबू. सँटोरिनीचा फावा म्हणजे घट्ट गोळ्याचं वरण, वर कांदा आणि तेल. सासूबाई तो नक्की खातील. हे पदार्थ दुपारी ताजे असतात, त्यामुळे मोठं जेवण दुपारी घ्या. रात्री नऊच्या आधी तावेर्ना, म्हणजे इथली खाणावळ, रिकामीच असते.

आता सापळे. भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची भाताचीही असते आणि खिम्याचीही, प्रत्येक वेळी विचारा. दोडक्याच्या भज्यांत बहुधा अंडं. पालकाच्या पाईतही असू शकतं. आणि कुणी सांगेल की "उपासाचं" म्हणून मागा, मांस-दूध-अंडं काहीच नसतं. ते खरं आहे, पण इथल्या उपासाला कोळंबी, माखली आणि ऑक्टोपस चालतो! माझ्या आईसमोर एकदा आला होता, त्यावर आमच्याकडे अजून चर्चा चालते. चीजमधलं रेनेट (वासराच्या पोटातलं विरजण) चालत नसेल तर इथली बहुतेक चीजं बाद.

नाक्सोसला छोट्या ओट्याची स्टुडिओ खोली घ्या. मसूर, तांदूळ, दही, फळं कोपऱ्यावर मिळतात. पुण्याहून मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी आणा. तूप, पेढे, पनीर मात्र आणू नका. युरोपीय संघात बाहेरून सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर साजूक तुपाची बरणी टाकून देताना बघवत नाही.

आणखी दोन गोष्टी. बेटांवर संडासात कागद टाकायचा नसतो, बाजूला डबा असतो, पाइप अरुंद आहेत. जेट नसतो, सासूबाईंसाठी छोटा तांब्या घेऊन या. आणि हॉटेलात दर रात्री खोलीमागे सरकारी कर वेगळा द्यावा लागतो, एप्रिल ते ऑक्टोबर: तीन तारांकितला ५ युरो, चारला १०, पाचला १५. बुकिंगच्या रकमेत तो बहुतेक धरलेला नसतो.

मीनल_कोथरूड

काय लिहावं! चीफकाका, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. एक्सेल बंद झालं. नवऱ्याने फक्त "दोन रात्री सँटोरिनी म्हणजे कमी" असं हळूच म्हणून बघितलं, सासूबाईंनी ५८८ आकडा परत वाचायला लावला आणि तो गप्प बसला. मुलगा डेलोसपेक्षा झासवर खूश आहे. स्नेहल, तांब्या यादीत पहिला लिहिला.

एकच राहिलं. सासूबाईंना डेकवरच बसायचंय, माहेर मालवणचं आहे. पाच तास ऊन सोसणार नाही. कुठे बसवू?

जुना_चीफ_दापोली

मालवणच्या आहेत होय, मग बोट लागायची चिंता तुम्हीच आपली करा.

पिरेअसहून सकाळी निघालात की बोट आग्नेयेला जाते, ऊन डावीकडून येतं. तेव्हा सुरुवातीला उजवी बाजू, मागच्या डेकवर छपराखाली, चिमणीपासून लांब, नाहीतर धूर अंगावर. अकराच्या पुढे पारोस जवळ यायला लागलं की सूर्य उजवीकडे सरकतो, तेव्हा डावीकडे हलवा. चढल्या चढल्या मुलाला पुढे पाठवून खुर्ची धरा, छपराखालच्या जागा आधी जातात. डोक्याला रुमाल, अंगावर शाल. हवा छान वाटते म्हणून लोक गाफील राहतात आणि कान धरतो.