ऐकतात सगळ्या, तपासणीला मात्र कोणीच जात नाही

प्रश्न
आम्ही सहा मैत्रिणी रीतसर प्रशिक्षण घेऊन आपापल्या ओळखीच्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी माहिती देतो. सगळ्या शांतपणे ऐकतात. परंतु वर्षभरात प्रत्यक्ष तपासणी करून घेणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. ‘मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ हे उत्तर आता आम्हांला पाठ झाले आहे. आमचे कोठे चुकते?

प्रतिसाद १
त्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही बहुधा फार उशिरा देत असाल. हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो आणि प्रतिकारशक्ती चांगली असेल तर पेशींतील बदलांपासून कर्करोगापर्यंत पोहोचायला सहसा १५ ते २० वर्षे लागतात. त्रास नसलेली ही वर्षे हीच तपासणीची खरी वेळ होय, कारण तेव्हा सापडलेल्या बदलांवर उपचार करून कर्करोग टाळता येतो. ज्या स्त्रीला अनियमित रक्तस्राव होत आहे, तिने मात्र तपासणी शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे.

प्रतिसाद २
वरील मुद्दा योग्य आहे, पण मला अडचण वेगळी वाटते. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, हे कळताच अहवालात तो आढळला तर घरात संशय निर्माण होईल, ही धास्ती मनात बसते आणि ती डॉक्टरांपुढेही बोलली जात नाही. मैत्रीण ती बोलू शकते. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी होतो, बहुतेकदा तो आपोआप नाहीसा होतो आणि तो नेमका कधी झाला हे अहवालावरून सांगता येत नाही. म्हणून त्यावरून कोणाच्याही वर्तनाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे एकांतात आणि स्पष्ट सांगावे. जेथे सोय आहे, तेथे एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतः घेता येतो, हेही सांगितल्यास संकोच बराच कमी होतो.

प्रतिसाद ३
जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेल्या उद्दिष्टांत ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी व्हावी, असे म्हटले आहे. या वयोगटातील स्त्रियांची नावे वहीत लिहा आणि प्रत्येकीबरोबर ठरलेल्या दिवशी एक जण जा. थोडा आगाऊपणा करून विचारतो, तुम्हां सहा जणींपैकी किती जणींनी स्वतः तपासणी करून घेतली आहे?

प्रश्नकर्ती
दोघींनी. त्यांत मी नाही.